दाजींनी मशीनला पेटी घालू दिली

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणून ते माझे दाजी. पण कामावर मी त्यांना त्याच नावाने हाका मारतो, त्यामुळे आता अख्ख्या बाजाराचे ते दाजी झालेत. डेरीवाला त्यांना दाजी म्हणतो, आइस्क्रीमवाला दाजी म्हणतो, ज्यांना जन्मात बहीण नव्हती तेही दाजी म्हणतात. आणि दाजींना ते आवडतं. आपल्याला कोणी काय म्हटलं, यावर त्यांचा दिवस कसा जाणार ते ठरतं.

त्यांचा धंदा कोल्डरूमची मशीनं बसवून चालू करून देण्याचा. मी वायरमन; ते पाइप जोडतात, मी वायरी ओढतो. कामात माणूस चोख, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना अडाणी समजाल. अडाणी असते तर बरं होतं. अडाण्याला निदान माफ करता येतं.

तांब्याचा पाइप जोडताना ते आतून नायट्रोजन हळूहळू सोडत राहतात, म्हणजे पाइपात काजळी धरत नाही. बाकीचे मिस्त्री या भानगडीत पडत नाहीत, आत कोण बघायला जातंय म्हणतात. दाजी मात्र कधी चुकवत नाहीत. फक्त त्यांच्या हाताला गुण आहे असं कोणी म्हटलं, की त्यांच्या मानेतला ताठपणा जातो आणि ती वरखाली हलायला लागते. आडवी म्हणून हलत नाही. एकाने "तुमच्यासारखा कारागीर होणे नाही" म्हणून त्यांच्याकडून दुकानाच्या शटरला तेल घालून घेतलं. दुसऱ्याने बायकोचं शिलाई मशीन दुरुस्त करून घेतलं. दोघांकडून दाजी हसतमुखाने परतले.

तर असे दाजी आणि मी एका बेकरीवाल्यांच्या नव्या दुकानाच्या कामावर गेलो. पुढे दुकान, आत क्रीमच्या केकसाठी काचेच्या दाराची कोल्डरूम, आणि मागे छोटंसं अंगण. अंगणात आमचं मशीन बसायचं होतं. हे मशीन म्हणजे काय, तर आतल्या खोलीतली उष्णता गॅस उचलून बाहेर आणतो आणि हे धूड पंखे लावून ती हवेत फेकत बसतं. मागून ताजी हवा ओढायची, पुढून गरम हवा सोडायची, एवढाच संसार. पाण्याबिण्याची त्याची मागणी नाही, पण हवा मोकळी पाहिजे. ती नाही मिळाली तर काय होतं हे कळायला शिकायची गरज नाही, उशीत तोंड खुपसून बघावं.

दाजींनी सिमेंटचा ओटा करून घेतला, रबरी पायांवर मशीन बसवलं, भिंतीपासून व्यवस्थित अंतर सोडलं. पाइप जोडले, आत दाब भरून ठेवला आणि एकेका सांध्याला साबणाचा फेस लावून कुठे बुडबुडा येतो का ते पाहिलं. मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून काढली, तेव्हा कुठे गॅस सोडला, तोही वजनावर मोजून. कॉम्प्रेसरच्या पोटाला गुंडाळलेला हीटर मी आदल्या दिवसापासूनच चालू ठेवला होता. तेल गार असताना मशीन चालू केलं तर कॉम्प्रेसरची वाट लागते. बटण दाबलं. पंखे सरळ फिरले, गेजचे काटे जिथे हवे तिथे जाऊन थांबले, आतल्या खोलीला गारवा आला. दाजींनी पाइपवर तळहात ठेवून डोळे मिटले. हे त्यांचं नेहमीचं आहे. समोर गेज असताना हाताला वेगळं काय कळतं, असं मी एकदा विचारलं होतं. "ते गिऱ्हाइकासाठी असतं," असं उत्तर मिळालं होतं.

काम खरं तर तिथे संपलं होतं. तेवढ्यात बेकरीवाल्यांची धाकटी सून अंगणात आली. दुकानाची सगळी सजावट तिने स्वतःकडे घेतली होती.

"हे असंच दिसणार का?" तिने विचारलं.

"मशीन आहे मॅडम," दाजी म्हणाले.

"उद्घाटनाचे पाहुणे इथेच बसणार आहेत. त्यांनी या धुडाकडे बघत बसायचं? सुताराला सांगून याच्यावर छानशी लाकडी पेटी करून घेऊ. हिरवा रंग देऊ. आणि पेटीला लागून चारी बाजूंनी बाक."

"मॅडम, याला हवा लागते," मी म्हणालो.

"मग फटी ठेवू की."

"फटींनी भागायचं नाही. गरम हवा पेटीतच फिरून परत मशीनच्या तोंडात जाईल."

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "दाजी, तुम्ही सांगा. मामंजी तर म्हणतात, दाजींनी बसवलेलं मशीन भर उन्हातही कुरकुरत नाही. तुमच्या मशीनला एवढ्याशा पेटीने काय होणार आहे?"

मी दाजींच्या मानेकडे बघत होतो. ती हलायला लागली.

"फटी जरा रुंद ठेवा म्हणजे झालं," दाजी म्हणाले.

"म्हणजे चालेल ना?"

"मी असताना न चालायला काय झालं?"

घरी जाताना मी म्हणालो, "दाजी, हे काही खरं नाही."

"मेव्हणेबुवा, मशीन माणूस ओळखतं."

"मशीन हवा ओळखतं."

"तू तुझ्या वायरी बघ," दाजी म्हणाले, आणि पुढचा रस्ताभर त्यांनी शीळ वाजवली.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी बेकरीवाल्यांनी आणखी एक शहाणपणा केला. व्यवस्थित चालणारं मशीन त्यांनी बंद करायला लावलं. प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते ते चालू व्हायचं होतं, आणि चालू असलेलं मशीन चालू कसं करणार, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. सुताराने मशीनला पेटी चढवली. दिसायला सुरेख होती, हे मान्य केलं पाहिजे. मशीन तिच्यात असं गडप झालं की नवख्या माणसाला वाटावं, आत ससे पाळलेत. कोल्डरूममध्ये क्रीमचा तीन मजली केक आधीच येऊन बसला होता आणि भाषणं संपायची वाट बघत होता.

दुपारी ऊन रणरणत होतं. प्रमुख पाहुणे एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी बटण दाबलं, पंखे फिरले, टाळ्या झाल्या. पाहुणे पेटीभोवतीच्या बाकांवर टेकले आणि बेकरीवाले माइकसमोर उभे राहिले. आमच्या दुकानाने या परिसराच्या जीवनात थंडावा आणला आहे, अशी त्यांनी सुरुवात केली.

थंडावा पहिल्यांदा पुढच्या बाकावरच्या कंत्राटदाराला जाणवला. तो उठला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. शेजारच्या बाईंनी स्वतःच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. आणि मग पेटीतून टक् असा आवाज आला आणि सगळं शांत झालं. दाब फार वाढला की मशीन स्वतःहून बंद पडतं. तेवढी अक्कल कंपनीने त्याला देऊन ठेवलेली असते. आपल्या भाषणाचा मान राखून ते थांबलं, असं बेकरीवाल्यांना वाटलं असावं. त्यांनी आवाज चढवला.

दाजींनी फटीतून हात घालून रिसेट दाबलं. मशीन चालू झालं, पुन्हा टक् करून बंद पडलं. दाजींनी पुन्हा हात घातला. तिसऱ्या खेपेला बाही खिळ्यात अडकून फाटली.

"व्होल्टेज," ते माझ्या कानात म्हणाले.

मी मीटर लावून पाहिला. "व्होल्टेज ठीक आहे."

"मग फेज उलटी असेल."

"कालच्याच फेज आहेत, दाजी."

"तू नीट बघत नाहीस," ते म्हणाले आणि झाडांना पाणी घालायची नळी ओढत आले. फटीतून पाण्याचा फवारा आत गेला आणि दुसऱ्या बाजूच्या फटीतून न्यायाधीशांच्या बुटांवर बाहेर आला. त्यांनी आयुष्यभर पुष्कळ ऐकून घेतलं असणार. पाय वर घेऊन तेही ऐकून घेतलं. मशीन मात्र टक् करून गप्प झालं. काचेच्या दारातून बघितलं तर केकचा वरचा मजला मधल्या मजल्यावर कलायला लागला होता.

एवढ्यात माझी ताई गर्दीतून वाट काढत आली. ती ठेवणीतले कपडे घालून, नवऱ्याचं कौतुक ऐकायला म्हणून आलेली.

"अहो, कोण काय गोड बोललं तुम्हाला?" तिने विचारलं.

दाजी नळी गुंडाळायला लागले.

"मी विचारतेय. या पेटीला हो म्हणायच्या आधी तुम्हाला कोण काय म्हणालं?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मीटरकडे पाहिलं.

"माझं मशीन कुरकुरत नाही म्हणाली," ते हळूच बोलले.

"बरं झालं म्हणाली. आता काढा ती पेटी."

दाजींनी नळी खाली टाकली. त्यांचे कान लाल झाले होते, आणि तो उन्हाचा परिणाम नव्हता. मग त्यांनी माझ्या पिशवीतली छोटी पहार काढली आणि बाकावरच्या मंडळींना म्हणाले, "जरा उठता का? इथे थोडं काम आहे."

सुतार पाहुण्यांतच बसला होता. तो धावत आला. "खिळे कमी आणि डिंकच जास्त लावलाय. निघायची नाही ती."

"मग मोडेल," दाजी म्हणाले.

पहिली फळी अशी कडाडली की बेकरीवाल्यांचं वाक्य अर्धवट राहिलं. सगळे वळून बघायला लागले. दुसरी फळी गेली, तिसरी गेली, आतून मशीनचा काळा कोपरा दिसायला लागला, आणि मागच्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली. एकाने वाजवली म्हटल्यावर बाकीच्यांनीही वाजवली. हा कार्यक्रमाचाच भाग आहे असा लोकांचा समज झाला होता.

बेकरीवाल्यांनी तीन दुकानं उगाच नाही उभी केली. त्यांनी क्षणात माइक सावरला. "आणि आता, आपल्या अत्याधुनिक यंत्राचं अनावरण. शेवटची फळी माननीय पाहुण्यांच्या हस्ते."

न्यायाधीशांनी दोन्ही हातांनी फळी ओढली. त्यांच्या अंगठ्यात लाकडाचं कूस गेलं, पण फोटोत ते हसताना दिसतात. दाजींनी मशीनला जरा निवू दिलं आणि रिसेट दाबलं. त्यानंतर ते संध्याकाळपर्यंत अखंड चाललं. केकचा वरचा मजला कललेलाच राहिला. ती नवी पद्धत आहे असं सुनेने सांगितलं, आणि दोघीतिघींनी तिथल्या तिथे तसाच केक सांगून ठेवला.

संध्याकाळी आम्ही दाजींच्या घराच्या पायरीवर बसलो होतो. फाटकी बाही त्यांनी वर दुमडली होती.

"मला माहीत होतं रे," ते म्हणाले.

"माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"ती बोलत होती तेव्हा नव्हतं माहीत. म्हणजे, होतं." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. मग म्हणाले, "पाइप किती स्वच्छ जोडलेत, ते मात्र कोणी बघितलं नाही."

मला त्यांची दया आली. ती फार टिकली नाही, कारण लवकरच आम्ही एका हॉटेलवाल्याच्या कामावर गेलो. त्याला मशीनच्या डोक्याला लागून पत्रा टाकायचा होता. दाजी पोळलेले होते, त्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं. हॉटेलवाला बघतच राहिला. मग सगळ्या नोकरांसमोर म्हणाला, "असा परखड माणूस मी आजवर पाहिला नाही."

तेव्हापासून दाजी परखड झाले. आता ते सगळ्यालाच नाही म्हणतात. डेरीवाल्याला कुत्री पाइपाचं वेष्टण ओरबाडतात म्हणून मशीनभोवती जाळीचं कुंपण हवं होतं. जाळीतून हवा काय, मांजरही जाईल. पण दाजींनी नाही म्हटलं, वर मोकळ्या हवेवर दहा वाक्यं सुनावली. डेरीवाला भारावला. कुत्र्यांनी नंतर वायरीही कुरतडल्या आणि त्या बदलायला मला जावं लागलं. बाजारात दाजींचा दबदबा वाढलाय. गिऱ्हाइकं चार लोकांत सांगतात, दाजींनी आम्हालासुद्धा झापलं.

गेल्या महिन्यात ताईला स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा लावायचा होता. दाजी पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "पडदा चालणार नाही. हवा अडते."

ताई वाद घालेल असं मला वाटलं. तिने पडदा हातावर नीट घडी करून घेतला आणि म्हणाली, "किती स्पष्ट बोलता हो तुम्ही. तुमच्यासारखं तोंडावर सांगणारं कोणी उरलं नाही."

दाजींनी पेपर बाजूला ठेवला. चेहरा असा खुलला की बघत राहावं. त्याच खुशीत ते स्टुलावर चढले आणि पडद्याची दांडी त्यांनी स्वतःच्या हाताने ठोकून दिली.