मयतीच्या दिवशी उतरवलेला मंडप

"ॲक्सेप्टवर क्लिक करा," म्हणत आमच्या रीजनल मॅनेजर सरांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. रेटिंग पाचपैकी दोन. खाली शेरा: 'नियोजनाचा अभाव. दबावाखाली निर्णय घेता येत नाही.'

मी वाशीम जिल्ह्यात एका बियाणं कंपनीचा फील्ड ऑफिसर आहे. आमच्याकडे दोन रेटिंग म्हणजे पीआयपी. सुधारायला तीन महिने देतात, नाहीतर घरचा रस्ता. घरात कमावता मी एकटाच.

शेरा कशावरून होता ते मला पक्कं माहीत होतं. सप्टेंबरात जऊळक्याच्या पुढच्या एका गावात आमचा फील्ड डे होता. म्हणजे आमच्या सोयाबीनचं उभं पीक शेतकऱ्यांना शेतातच दाखवायचं. मंडप लागला होता, माईक लागला होता, सर यायला निघाले होते. सकाळीच देवरावभाऊंचा फोन आला. शेत त्यांचंच.

"साहेब, आज काही होत नाही बापा. आमच्या गल्लीतल्या पोराले पान लागलं. गेला बिचारा. बाप पुण्याहून यायचा हाये अजून."

पान लागलं म्हणजे साप चावला. आणि प्रेत उठेपर्यंत त्या गावात चूल पेटत नाही, कोणी शेताकडे फिरकत नाही. मी सरांना कळवलं.

"शेत गावापासून लांब आहे ना? आवाज कमी ठेवा. दहा माणसं तरी जमवा, फोटो लागतात," ते म्हणाले.

मी मंडप उतरवला आणि मयतीला गेलो.

"सर, हा शेरा मला मान्य नाही," मी लॅपटॉप परत सरकवला.

"मनाला लावून घेऊ नका. प्रोसेस असते."

"कसली प्रोसेस? गावात प्रेत पडलेलं, अन् मी माईक लावू?" डोकंच सणकलं माझं. लॅपटॉप परत माझ्याकडे ओढला. 'डिसॲग्री' दाबलं आणि एचआरकडे दाद मागितली.

एचआरच्या मॅडमनी व्हिडिओ कॉल लावला. सरही होते. तोच कार्यक्रम पुढच्या आठवड्यात मी त्याच शेतात घेतला, अख्खं गाव आलं, सर तेवढे आले नाहीत, हे मी सांगितलं. मागणी एकच केली: पीआयपी रद्द करा.

"परत अशी वेळ आली तर काय कराल?" मॅडमनी विचारलं.

कोणतं उत्तर हवंय ते कळत होतं.

"परत मंडप उतरवीन, मॅडम."

"बघा, हा असाच आहे," सर म्हणाले. मॅडमनी 'कळवते' म्हणून कॉल बंद केला. ते दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत.

पीआयपी रद्द झाला. रेटिंग दोनच राहिलं, शेरा तसाच, पगारवाढ गेली. यंदाच्या प्लॅनिंगमध्ये मात्र नवीन रकाना आलाय: 'गावात दुःखद घटना घडल्यास पर्यायी तारीख'. ट्रेनिंगमध्ये सरांनी तो आपलीच कल्पना म्हणून समजावून सांगितला. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या.

रिव्ह्यू अन्यायाचा असेल तर जरूर भांडा. पण मागायचं काय, ते आधी ठरवा. मी नोकरी मागितली होती. तेवढीच मिळाली.