माफीवाल्यांचा मान

धायरीत दत्तोबांचं आडनाव कोणाला ठाऊक नाही. सगळे म्हणतात माफीवाले. दोनशे वर्षांपूर्वी डोंगरात इंग्रजांविरुद्ध बंड झालं, बाकीचे फासावर गेले आणि दत्तोबांचा खापरपणजा तेवढा जिवंत परतला. साहेबानं माफी दिली म्हणजे यानंच सगळ्यांना धरून दिलं, असं गावानं ठरवलं, आणि गावानं एकदा ठरवलं की तपासतो कोण? दत्तोबांनी उभा जन्म कारखान्यात लेथ मशिनवर घालवला, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. तरी घरच्या सोयरिकी कायम लांबच्या गावी शोधाव्या लागल्या.

दत्तोबांचा आजा सांगायचा ते वेगळंच. हे घर गावाची राखण करायचं. त्याबद्दल त्यांच्या जमिनीला शेतसारा माफ होता, म्हणून घराला नाव पडलं माफीवाले. साहेबानं ती माफी काढून घेतली, राखणदारांच्या चुली विझल्या आणि उपाशी माणसं डोंगरात गेली. खापरपणजा वाचला, कारण पायात गोळी लागून तो कपारीत पडून राहिला होता. दत्तोबांनी हे लग्नात सांगितलं, मयतीत सांगितलं. लोक गालातल्या गालात हसत. मरायच्या आधी घरावरचा हा डाग पुसला जावा, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा होती.

यंदा बंडाची द्विशताब्दी निघाली. समितीचा अध्यक्ष दिग्विजय, धंदा प्लॉटिंगचा, स्वतः दारात आला.

"आजोबा, तुमच्या घराण्याबिगर मिरवणूक न्हाई. रथावर तुम्हीच बसायचं."

दत्तोबांना रडूच कोसळलं. नात नम्रता कर्वेनगरला कॉलेजात जाते. ती म्हणाली, "आजोबा, एक्झॅक्टली काय करायचंय ते आधी विचारा ना."

"मान देत्यात तर इचारू नये, पोरी."

त्यांनी धोतराला नीळ दिली, गुळगुळीत दाढी केली. रथावर तोंडाला पावडर फासलेला एक गोरा साहेब उभा होता आणि गळ्यात दोर अडकवलेली चार पोरं. दत्तोबांना साहेबाच्या पायाशी बसवलं आणि गळ्यात पाटी घातली. फितूर.

"तुमच्या घरचंच काम हाय," दिग्विजय म्हणाला. "दुसऱ्याला जमलं नसतं."

ते उतरायला गेले तोवर रथ हलला होता. ठरल्याप्रमाणे कार्यकर्त्यांनी रबरी चपला फेकल्या, लागणार नाहीत अशा. गर्दीनं मात्र स्वतःच्या पायातल्या काढल्या.

चौकात दिग्विजयनं कोणीतरी लिहून दिलेलं भाषण वाचलं. "इंग्रजांनी राखणदारांची माफी हिसकावली, म्हणून बंड पेटलं."

दत्तोबा ताडकन उठले. भुवई फुटली होती. "त्येच म्हणतोय मी! ती माफी आमची! माफी आमची!"

लोकांना वाटलं, फितूर माफी मागतोय. शिट्ट्या पडल्या. दिग्विजयलाही तसंच वाटलं, की त्याला सोयीचं तेच वाटलं, देव जाणे. माइकवरून त्यानं विचारलं, "द्यायची का रे ह्यांना माफी?"

चौक एका सुरात म्हणाला, "न्हाई!"

नम्रता गर्दी सारत रथापाशी पोचली आणि आजोबांच्या गळ्यातली पाटी काढू लागली. दिग्विजयनं तिला पाहिलं आणि हसून जाहीर केलं, "हा मान पिढीजात हाय. म्होरल्या वर्षी आजोबा नसले, तर नात हाय."