औषधांच्या कपाटात शिरलेला मिस्त्री

मी तेव्हा एका फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. आत पलंग, स्टोव्ह, औषधांचं कपाट. उन्हाळाभर ती कामठी रोडवरच्या शेडमध्ये उभी होती. उद्या कन्हानकडच्या गावांत जायचं, आणि बॅटरी पुन्हा उतरलेली!

शेजारच्या गॅरेजातला एक अवाढव्य मिस्त्री आला. त्यानं बॅटरीची वायर काढून मध्ये बल्ब जोडला. सगळं बंद असूनही बल्ब मिणमिणला.

"कोणीतरी करंट पिऊन राहिलं," तो खुशीत म्हणाला. मग त्यानं कपाट उघडलं. आत दिवा लागलेला होता.

"दार लावल्यावर विझते का हा?"

"विझत असेल."

"असेल काहून? पाहूनच घेऊ ना, भाऊ."

फळ्या काढून, गुडघे पोटाशी घेऊन तो आत शिरला. मी खांदा लावून दार कसंबसं बंद केलं. आतून गडगडाटी हसू आलं.

"अजी, अंदर तं दिवाळी हाय!"

घामाघूम होऊन तो बाहेर आला, दार लागल्यावर दिवा विझवणारा, पण अडकून बसलेला खटका सुटा केला आणि बॅटरी चार्जिंगला लावली.

"बॅटरीच खराब वाटली मला," मी म्हणालो.

"तिले काहून बोल लावता? बिचारीले झोपूच देत नव्हते तुम्ही!"

सकाळी पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली. दुसऱ्याची चूक सापडल्यावर इतकं मोकळं हसणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.