गाठोडं माझ्या मांडीवर राहिलं

बायांनो, आजचं आजच लिहिते. वाचून झालं की ही वही लगेच पुढच्या घरी पोचवा.

उदगीरहून भालकीच्या मोटारीत मला चढवताना नेहमीची कुरकुर झाली. हे होते तोवर उचलून बसवायचे. आता मोटारवाला लाकडी खोकं लावतो आणि दोघं जण काखेत धरून वर ओढतात.

"अक्का, तुमच्या पायापायी दर खेपंला उशीर व्हायलाय."

"मग पायरी खालपर्यंत कर की, बाबा," मी म्हणाले. सगळे हसले.

नाक्यावर बंदूकवाल्यांनी मोटार अडवली. "सब उतरो!" माझी कुबडी बघून एक जण म्हणाला, "इस लंगडी को रैने दो."

शेजारच्या तरुण गड्यानं उतरता उतरता गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. "अक्का, एवढं धरा. तुमाला कोण तपासतंय?" मी त्यावर पदर घेतला.

थोड्या वेळानं एकेक करून सगळे परत आले. तो आला नाही. मोटार सुरू झाली.

"एक माणूस राहिलाय!" मी ओरडले.

"न्हाई अक्का, समदे आलेत. गप बसा," मोटारवाला म्हणाला.

"मग खोकं लाव. मी उतरते."

कुणी उठलं नाही. मला चढवणारे दोघंही खाली बघत बसले.

गाठोडं घरी आणलंय, सोडलेलं नाही. गडी पिवळ्या पटक्याचा, पुढचा दात तुटलेला. वाटेत बोलताना गाव निर्णा म्हणाला होता. नाव विचारायचं राहिलं.

निर्ण्यात कुणाचं माहेर आहे? त्याच्या घरी निरोप द्यायचाय. पण काय सांगायचं? मी त्याला फक्त उतरताना पाहिलंय.