मिरचीचे हात

आगाऊपणा माझ्या अंगात पहिल्यापासूनच आहे आणि त्याचा मला फारसा पश्चात्ताप नाही. एकदा मात्र तो चांगलाच भोवला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी बी.एस्सी.ची केमिस्ट्रीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. पहिला वर्ग हुकला तर एम.एस्सी. विसरायचं आणि लग्नाला उभं राहायचं, असं वडिलांनी बजावलं होतं. नेमक्या त्याच संध्याकाळी प्रताप नगरच्या आमच्या घरात वर्षभराच्या भिवापुरी मिरच्या देठं खुडायला पसरल्या होत्या. आईने तेलाची वाटी पुढे केली.

"हाताले तेल लाव वं आधी."

"काहून? पाण्यानं धुते ना नंतर. मले नको शिकवू, मी केमिस्ट्री शिकून राहिली."

आईने स्वतःच्या हातांना तेल चोळून कामाला सुरुवात केली; मी तशीच कोरड्या हातांनी खुडायला बसले.

सकाळी माझी बोटं नुसती पेटली होती. कितीदा धुतली, पण आग हटेना. परीक्षेत टायट्रेशन कसंबसं उरकलं आणि बोटं गार पाण्याच्या बीकरमध्ये बुडवली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते पाहिलं. कारण विचारलं, मी सांगितलं.

"मग पाण्याने आग का जात नाही?"

इथे मी फॉर्मात आले. पाण्याचा रेणू ध्रुवीय, एका बाजूला थोडा धन भार, दुसऱ्या बाजूला ऋण. त्यामुळे पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून बसतात. मिरचीतल्या तिखट रेणूच्या लांब शेपटीवर तसा भार नसतो, म्हणून पाणी त्याला आपल्यात घेत नाही. तेलाचे रेणू त्याच्याच जातकुळीचे, त्यात तो सहज विरघळतो.

"इतकं येतं, तर बोटं पाण्यात कशाला?"

आता पहिला वर्ग गेलाच, असं वाटलं. मग खरं तेच सांगून टाकलं. "सर, आई तेल लाव म्हणाली होती. मी तिलाच केमिस्ट्री ऐकवली."

ते हसले नाहीत. कागदावर काहीतरी लिहून म्हणाले, "जा, घरी जाऊन तेल लाव."

त्या तोंडी परीक्षेत मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले आणि पहिला वर्गही मिळाला, हे पुढे निकालात कळलं. त्या दिवशी मात्र मी घरी गेले ती शरमेने. आईला रेणू, भार, शेपटी, सगळं समजावून सांगितलं. मिरच्या खालवर करता करता तिने ते शेवटपर्यंत ऐकलं.

"मंग मी काल काय सांगून राहिली होती?" म्हणाली, आणि वाटी सरकवली.

मी मुकाट्याने दोन्ही हात पुढे केले.