निकमआबांनी पास केलेली ट्यूब

निकमआबा कुठल्याही नव्या वस्तूला आधी कान लावायचे. कुकर असो की मोटारसायकलचं चाक. अंबडच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं माल तपासला होता. मी तिथेच स्टोअरला होतो. निवृत्तीनंतर दर रविवारी आम्ही दोघं दिंडोरीकडच्या एका धरणावर गळ टाकून बसायचो. कुणी काही ठामपणे सांगितलं, की आबा विचारायचे, "तू सोता बघितलं का?"

काठावरून मोठा मासा मिळेना, म्हणून मी तरंगती ट्यूब घ्यायचं ठरवलं. हवा भरायची, मधल्या सीटवर बसायचं आणि पायांना रबरी पंख बांधून पाणी मारत पुढे जायचं. मला एक गोल, हलकी ट्यूब आवडली. आबांनी दुकानातच ती फुगवायला लावली, शिवणींवर साबणाचं पाणी सोडलं आणि एक बुडबुडा दाखवला. मला काही तो दिसला नाही. शिवाय तिच्यात हवेचा एकच कप्पा होता. "ह्यो फुटला की मग कशावर बसशील?" आबांनी विचारलं. दुकानदार वैतागला.

पुढच्या तीनही ट्यूब नापास झाल्या. मग मलाच आबांचा संशय यायला लागला. ते स्वतः घोट्याच्या वर कधी पाण्यात उतरत नसत. मी त्यांना काठावर एकटं सोडून जाऊ नये, म्हणून ते खोट काढतात, असं मी बायकोजवळ बोललोही.

अखेर दोन स्वतंत्र कप्प्यांची ट्यूब पास झाली. तीही दोन दिवस त्यांच्या घरी फुगवून ठेवल्यावर.

तिसऱ्याच रविवारी पाण्याखालच्या बाभळीने उजवा कप्पा फाडला. मी एका अंगाला कलंडलो, पण डावा टिकला. पाय मारत काठाजवळ आलो, तर आबा कपड्यांसकट छातीभर पाण्यात उभे होते.

वर आल्यावर त्यांनी सांगितलं. चांदवडला असताना त्यांचा धाकटा भाऊ ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन शेततळ्यात उतरला होता. तो परत आला नाही.

"चांगली हाय म्हणला. मी हो म्हणलो. हात लावून नाय बघितली."

मी बायकोजवळ काय बोललो होतो, ते त्यांना सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. फाटका कप्पा मांडीवर घेऊन बराच वेळ चीर चाचपत राहिले. मग म्हणाले, "हिला ठिगळ नको. नवी आणू. दोन आणू."

पुढचे दोन हिवाळे आम्ही पाण्यावर शेजारी शेजारी तरंगलो. गेल्या उन्हाळ्यात आबा गेले, घरी, झोपेत.