अण्णांचा हँडब्रेक

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेठला एका साखरपुड्याच्या खुर्च्या उतरवून घेत होते. फोनवर माझा नवरा, प्रकाश. "अण्णा गेले गं," एवढंच म्हणाला. सकाळी मी निघताना अण्णा फाटकापाशी आले होते. "सावळघाट उतरताना गिअरात ये," असं म्हणाले. कित्येक वर्षं मी तो घाट चढत-उतरत होते, म्हणून त्यांच्याकडे न बघताच "हो हो" म्हटलं. माझ्या सासऱ्यांचे शेवटचे शब्द घाटाबद्दल असावेत यात तसं नवल नाही. त्यांच्या लेखी रस्त्यांचे दोनच प्रकार होते, चढाचे आणि उताराचे. सपाट रस्त्याला ते रस्ता म्हणतच नसत.

पंचवटीत आमचा मांडव-खुर्च्या भाड्यानं देण्याचा धंदा. पाइप, कनाती, सतरंज्या, खुर्च्या आणि हे सगळं वाहणारी एक पिकअप. शहरातली कामं कुणीही घ्यायचं, पण सप्तशृंगी गडावर, पेठला, त्र्यंबककडच्या डोंगरातल्या पाड्यांवर माल पोचवायला अण्णाच लागत. भरलेली गाडी चढावर नुसती उभी करण्यातही त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

माझी आणि त्या पिकअपची ओळख माझ्या लग्नातच झाली. माझं माहेर इगतपुरी, वडील रेल्वेत गार्ड. जूनमधला शेवटचा मुहूर्त मिळाला होता आणि तिथल्या पावसात कुठला मांडव टिकणार, म्हणून अण्णा वरबाप असूनही दोन दिवस आधीच स्वतःचे पाइप आणि ताडपत्र्या घेऊन हजर झाले. वरबाप शिडीवर आणि वधूपिता खाली दोरी धरून, असा थाट आमच्या रेल्वे क्वार्टर्सनी तोवर पाहिला नव्हता. गाडी शेजारच्या उतारावर, हँडब्रेक ओढून उभी. दोन दिवस पाऊस मी म्हणत होता. पाठवणीच्या वेळी माझं कपाट, ट्रंक सगळं चढवलं, अण्णांनी हँडब्रेक सोडला, गिअर टाकला, आणि गाडी जागची हलेना. ओल्या ड्रममध्ये ब्रेकचे लायनर गंजानं चिकटून बसले होते. मी रडायची थांबून गाडीकडेच बघत राहिले. शेवटी माझे वडील नव्या धोतरानिशी हातोडा घेऊन व्याह्यांच्या गाडीखाली शिरले आणि ड्रमला बाहेरून ठोके देऊन त्यांनी चाक सोडवलं.

"व्याहीबुवा, आमच्याकडे पावसात हँडब्रेक लावून गाडी ठेवत नाहीत," वडील अंग झटकत म्हणाले. "गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला ठोकळा द्यायचा."

"मंग दोष पावसाचा हाय, ब्रेकचा नाय," अण्णा म्हणाले. पण नाशिकला आल्यावर त्यांनी बाभळीचा एक तिरपा ठोकळा तासून घेतला आणि तो कायमचा गाडीत ठेवला. सुनेच्या माहेरचं यांनी ऐकलेलं हे पहिलं आणि शेवटचं, असं सासूबाई पुढे कायम म्हणायच्या.

घाटातल्या बऱ्याच ड्रायव्हरांचा हिशेब उलटा असतो. वापरला तर झिजेल म्हणून हँडब्रेक जपून ठेवायचा, गाडी गिअरवर सोडायची आणि चाकामागं एखादा दगड लावायचा. निघताना तो दगड रस्त्यातच. अण्णांना याचा भारी राग. असा दगड दिसला की ते गाडी थांबवून तो कडेला टाकत आणि टाकणाऱ्याच्या सात पिढ्यांची चौकशी करत. "न वापरलेली केबल गंजती. अन् नड पडली का नेमकी त्याच दिवशी तुटती," म्हणायचे. गाडी उभी करायची त्यांची रीत ठरलेली होती. आधी पायाचा ब्रेक, गाडी न्यूट्रल, मग हँडब्रेक. मग पाय हळूहळू सैल करून सगळं वजन हँडब्रेकवर घ्यायचं, आणि त्यानं धरलं अशी खात्री झाली की मगच गिअर टाकायचा. पुढची चाकं अशी वळवायची की सुटलीच तर गाडी डोंगराला टेकावी, दरीकडे जाऊ नये. ठोकळा सगळ्यांत शेवटी. हँडब्रेकची लिव्हर ओढताना चार-पाच 'कट्कट्' आवाजांतच घट्ट झाली पाहिजे. जास्त वर येऊ लागली की अण्णा पाना घेऊन गाडीखाली. दसऱ्याला लोक गाडी धुऊन हार घालतात. आमच्याकडे आधी मागचे ड्रम उघडून साफ व्हायचे, केबलला ग्रीस लागायचं, मग हार. तोवर नैवेद्य गार व्हायचा आणि सासूबाई तापायच्या.

मग अण्णांच्या छातीत दुखू लागलं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. प्रकाश शाळेत शिक्षक, त्याला गाडीची हौस नाही. ठेवलेले ड्रायव्हर टिकेनात. एकानं वणीच्या पुढे चढावर गाडी नुसत्या गिअरवर सोडून चहा घेतला, आणि गाडी मागं सरकत सरकत रस्त्याकडेच्या चारीत गेली. मागं कुणी नव्हतं म्हणून निभावलं. त्या दिवशी अण्णांनी गाडी विकायची ठरवली. गाडी गेली की घाटातली कामं जाणार, आणि त्यांच्या मागोमाग धंदाही. मी तोवर घरात बसून मांडवाची बुकिंग घेत असे. "मी शिकते," म्हटलं. सासूबाई हसल्या, प्रकाश हसला. अण्णा हसले नाहीत.

"शिक," ते म्हणाले. "पण भरली गाडी चढावरनं मागं न सरकता उचलता आली तरच ऱ्हाईल. नायतर गिऱ्हाईक येऊन बसलंय."

म्हसरूळच्या पुढच्या चढावर माझी शाळा भरली. आधी रिकामी गाडी, मग खुर्च्या भरून, मग पाइप. "निम्मा क्लच सोड. इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट जरा उचललं, का समजायचं गाडी निघायला तयार हाय. तवा हँडब्रेक सोड. आधी नाय," हे किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. गाडी बंद पडायची, मागं सरकायची, क्लचचा जळका वास यायचा. एकदा मी संतापानं रडले. अण्णांनी पाण्याची बाटली पुढे केली. "झालं का? आता लिव्हर वर घे." त्या काळात गिऱ्हाईक दोनदा घरी आलं, आणि दोन्ही वेळा अण्णांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. "आमच्या सूनबाईची परीक्षा चालू हाय," असं सांगून.

हळूहळू मी भरली गाडी गडावर नेऊ लागले. डावीकडच्या सीटवर अण्णा, मांडीवर ठोकळा. थांबलं की उतरून तो चाकाला लावायचा मान त्यांचा. गडावरच्या एका दुकानदारानं हटकलंच, "अण्णा, सुनेचे क्लीनर झाले का?"

"झालो ना," अण्णा म्हणाले. "पगार नाय, पण डबा चांगला मिळतो."

मला मात्र एक गोष्ट डाचायची. चढ आला की अण्णांचा उजवा हात माझ्याआधी हँडब्रेकपाशी जाऊन बसायचा. एकदा न राहवून म्हटलं, "अण्णा, एका लिव्हरला दोन हात कशाला?" "ऱ्हायलं," म्हणाले, आणि पुढच्या वळणावर हात पुन्हा तिथंच. त्या गिऱ्हाइकाला त्यांनी अजून कायमचं 'नाही' कळवलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. गाडी माझ्या हातात होती, पण राहणार की जाणार हे त्या हाताकडे बघितलं की कळायचं.

नवरात्राच्या आधीची गोष्ट. गडावरच्या दुकानांसाठी पाइप नेत होतो. नांदुरीहून वर चढताना एका वळणात एसटी अडकली आणि ऐन चढावर सगळ्या गाड्या थांबल्या. मी रीतीप्रमाणे हँडब्रेक ओढला, पाय सैल केला. गाडीनं धरलं. मागं एक जीप अगदी चिकटून उभी होती. ऊन चढलं. अण्णा उतरतील म्हणून मी वाट पाहिली आणि मग डावीकडे बघितलं. अण्णा झोपले होते... मान खिडकीला टेकलेली, दोन्ही हात मांडीत. हा माणूस कुणाच्याही गाडीत, एसटीतसुद्धा, कधी डोळा मिटत नसे. पुढची रांग हलली, मागची जीप हॉर्न द्यायला लागली. क्लच निम्मा सोडला, आवाज जड होऊ दिला, आणि लिव्हरचं बटण दाबून ती आवाज न करता खाली नेली. गाडी वर सरकली. अण्णांची मान हललीसुद्धा नाही.

गडावर पोचल्यावर ते जागे झाले. "एसटी निघाली का वळणातली?"

"कधीच," मी म्हटलं.

त्यांनी मांडीवरचा ठोकळा उचलला. मग खाली उतरता उतरता म्हणाले, "त्या गिऱ्हाइकाला फोन करून टाक. गाडी नाय विकायची."

त्याला आता बरीच वर्षं झाली. परवा, अण्णा गेल्यानंतर पहिल्यांदाच, गडावर माल घेऊन गेले. चढावर थांबावं लागलं. निघताना माझ्या हातानं लिव्हर पुन्हा तशीच, आवाज न करता खाली नेली. डावीकडची सीट रिकामी होती.